विळी नसलेलं घर

१६ मे २०११, सोमवार

आज सकाळी पूजा उरकली आणि घरात जे जे धारेचं होतं ते सगळं गोळा केलं. विळी, दोन सुऱ्या, मंदाची कात्री, माझा दाढीचा वस्तरा. कोयता आमच्या घरात बारा वर्षं नाहीच. सगळं जुन्या लुंगीत बांधून शेजारी झुबेदाखालांकडे नेलं. म्हटलं, "किचनला रंग काढतोय खाला. आठ-दहा दिवस ठेवा."

गाठोडं त्यांच्या उंबऱ्यावर ठेवलं. धारेची वस्तू हातात देत नसतात. त्यांनी उचललं, वरून चाचपलं. "रंगाला इळीची काय अडचन, आत्माभाऊ?"

मी हसून वेळ मारून नेली. खोटं बोलायची सवय नाही. कान गरम झाले.

मग दिगूला आणायला गेलो. मेंटल हॉस्पिटलात हमीच्या कागदावर सही केली. भावाची काळजी घेईन, त्याच्या हातून त्याला किंवा दुसऱ्या कुणाला इजा होऊ देणार नाही, बोलावतील तेव्हा हजर करीन. साहेबांनी विचारलं, "आणि ज्याच्यावर वार झाला तो इसम?" म्हटलं, "तो मीच." त्यांनी चष्मा काढला आणि पुन्हा लावला. सही उजव्या हाताने केली. डाव्या हाताची दोन बोटं त्या दिवसापासून मिटत नाहीत.

दिगू बाहेर आला. हातात एक प्लास्टिकची पिशवी, एवढाच संसार. माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा, पण केस सगळे पांढरे. बराच वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

"दादूसच हाय ना?"

मग तो हसला. थट्टा होती की काय, कळलं नाही. त्याला घेऊन सुकापूरला घरी आलो.

१८ मे

त्याचं ते वाक्य डोक्यातून जात नाही.

गावी, करंजाला असताना दिगू बोटीवर जायचा. हात असा की सुरमईच्या तुकड्या एकसारख्या, जणू मोजून पाडलेल्या. मग त्याची झोप गेली. सुकत घातलेले बोंबील आपल्याबद्दल बोलतात, म्हणायचा. आम्ही त्याला भगताकडे नेलं, लिंबं उतरवली, अंगारा लावला. डॉक्टर सुचला नाही. आणि एके सकाळी मी सुट्टीवर घरी गेलो होतो, तर मला दारात अडवून म्हणाला, "तू दादूस नाय. दादूसचं तोंड लावून आलायस. त्याला कुठं ठेवलास, बोल." हातात कोयता होता.

म्हणजे त्याने तो मला मारायला उचललाच नव्हता. मला सोडवायला उचलला होता. कोर्टात मी हे सांगायला लागलो, तर वकील म्हणाले, एवढं नको, भाऊ आजारी होता इतकंच सांगा.

देवाला मात्र सगळं सांगितलं आहे.

२२ मे

भाऊबंदांचा निरोप आला. करंजाला आणू नकोस. आणणारच नव्हतो. पण निरोप आल्यावर बरं नाही वाटलं.

मंदा आमच्या लेकीच्या, वैशालीच्या बाळंतपणाला डोंबिवलीला गेली आहे. बाळ आता पालथं पडायला लागलं. कुणी विचारलं की मी अजून "बाळंतपणाला गेलीय" असंच सांगतो. जाण्याआधी ती म्हणाली होती, "भाऊ तुमचा हाय, तुमी आना, मी नाय बोलनार नाय. पन तुमचं रगात त्या दिशी मी पुसलंय. मना परत पुसाचं नाय."

तिचं काही चुकलं असं म्हणवत नाही.

२ जून, गुरुवार

संसार बसतो आहे, असं म्हणायचं. पालेभाजी हाताने मोडतो. गवार, घेवडा मोडतो. बटाटे उकडून कुस्करतो. कांदा मुठीने फोडायचा, तो चांगलाच लागतो. दुधी, भोपळा, सुरण बंद. मासे उरण नाक्यावरून कापूनच आणतो. काल रावस आणला तर दिगू तुकडी उचलून बघत बसला. "कुनी कापला? घाबरून कापलेला दिसतो." एवढं बोलून जेवला. तीन भाकऱ्या खाल्ल्या.

गोळ्या माझ्यासमोर घेतो. घेतल्यावर आपणच, न सांगता, तोंड उघडून मला दाखवतो, जीभ वर करतो. तिकडची सवय. पहिल्या दिवशी मी मान फिरवली. आता बघतो.

पहिली पाळी असली की सहाला निघतो, अडीचला परत. पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर माझ्याशिवाय कोणी नसतं, मोटारीचा आवाज आणि मी. पूर्वी तिथे एकटं वाटायचं, घरी आलं की जायचं. आता दोन्हीकडे.

२५ जून, शनिवार

समाजसेविका प्रधान मॅडम घरी आल्या होत्या. हॉस्पिटलकडून येतात, वयाने वैशालीएवढ्या. दिगूशी निवांत बोलल्या. मग मला विचारलं, "घरात त्यांच्याकडे काय काम आहे?"

म्हटलं, "आराम करू दे. काम कशाला?"

"बारा वर्षं आरामच झालाय त्यांचा, काका."

पनवेलला एक केंद्र आहे, अशी बरी झालेली माणसं दिवसभर तिथे अगरबत्ती भरतात, कागदी पिशव्या करतात. सोमवारपासून दिगू जाणार. सहा आसनी रिक्षाने जायचं, यायचं. एकटा.

जाताना मॅडम किचनमध्ये पाणी प्यायल्या. ओट्याकडे, फडताळाकडे बघितलं. त्यांना दिसलं असावं.

१४ जुलै

दिगू केंद्रात जातो. अंगाला चंदनाचा वास घेऊन येतो. विचुंब्याचा कुणी एक बाळाराम त्याचा दोस्त झाला आहे. तोही आमच्यासारख्याच घरचा. बाळारामने त्याला विचारलं म्हणे, तू काय केलं होतंस? दिगू म्हणाला, "भावाला मारला." बाळाराम म्हणाला, "मी तर पोलीस चौकीची काच फोडली. तू मोठा मानूस हायस." दोघं हसले. हे मला जेवताना सांगितलं आणि परत हसला. घास माझ्या तोंडातच फिरत राहिला.

त्याला बरं वाटतं आहे. हे मला दिसतं. पण तो मागून चालत आला की माझी मान अजून आखडते. झोपतो ते भिंतीला पाठ लावून. आजाराने त्याला सोडलं असेल, मला सोडलं नाही.

४ ऑगस्ट, नागपंचमी

आज चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही. सगळ्या बिल्डिंगमध्ये विळ्या आडव्या पडलेल्या. खालच्या मजल्यावरच्या बाई पुरणाची दिंडं देऊन गेल्या. म्हणाल्या, "आज काय, चिरणं नाही न काही नाही, बायकांना सुट्टी."

दिवसभर फार हलकं वाटलं. आज सगळी घरं आमच्या घरासारखी होती.

दिगू पाटावर नाग काढत होता, हळदीने. छान काढला. "दादूस, आपल्याकडं रोजच नागपंचमी," म्हणाला.

वर बघितलं नाही त्याने. म्हणजे त्याला माहीत आहे.

१ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

करंजाला भाऊबंदांकडचा गणपती. निरोप: तू ये. "तू" वर जोर. गेलो नाही. इथेच सुपारीचा गणपती मांडला.

मोदकाला खोबरं हवं. नारळ फोडला, पण खवायचा कशावर? वाट्या घेऊन खालांच्या दारात गेलो. खाला बघत राहिल्या. "रंग सुकला नाय अजून?"

"पावसाळा आहे ना खाला."

"हां. बारिश लई हाय." वाट्या घेऊन आत गेल्या. खोबरं खवून डबा भरून दिला. "तुमच्याच इळीवर खवलंय. आदी घासून धुतली. देवाला चालंल ना?"

देवाला चालेल की नाही हा प्रश्न मला पडलाच नाही, हे घरी आल्यावर लक्षात आलं. मोदक बिघडले, कळ्या उमलून बसल्या. दिगूने अकरा खाल्ले. खालांचा मुलगा कुवेतला आहे, ईदलासुद्धा येत नाही. त्यांनाही पाच दिले. त्या म्हणाल्या, "देवानं तोंड वाकडं केलं काय?" म्हटलं, नाही. "मग खैर."

१७ सप्टेंबर, शनिवार

लिहवत नाही. तरी लिहितो.

काल दिगू बाळारामच्या वाडीतला लाल भोपळा घेऊन आला. आईसारखे घारगे करू म्हणाला. मी म्हटलं, उद्या बाजारातून चिरून आणतो. तो म्हणाला, "अख्खा हाय घरात, बाजारात काय जातोस?" मी विषय टाळला, आज सकाळी ड्युटीला गेलो. त्याला शनिवारची सुट्टी.

अडीचला आलो. दार नुसतं ओढलेलं. आत किचनमध्ये दिगू बसलेला, पुढ्यात भोपळा अर्धा उघडलेला. हातात तेलाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण, दुमडून धार केलेली. आणि रक्त. फरशीवर, भोपळ्यावर, त्याच्या कोपरापर्यंत. मला बघून तो उठला. झाकण हातातच होतं. "दादूस," म्हणाला आणि एक पाऊल पुढे आला.

मी बाहेर आलो. दार ओढलं आणि बाहेरून कडी घातली.

जिन्यात उभा राहिलो. डावा हात पोटाशी धरून. मला वाटलं तो दार ठोकेल. त्याने ठोकलं नाही. थोड्या वेळाने दाराच्या अगदी पलीकडून आवाज आला, हळू:

"दादूस. मीच हाय."

तरी मी कडी काढली नाही.

खाला बाहेर आल्या. माझ्याकडे बघितलं, कडीकडे बघितलं. माझा हात बाजूला सारला आणि दार उघडलं. तो दाराशीच खाली बसला होता, तळहात गुडघ्यात दाबून. त्यांनी डोक्यावरची ओढणी काढून त्याच्या हाताला गुंडाळली. "चल बेटा, ऊठ. या अल्ला, भोपळ्यासाटी एवडी लढाई." रिक्षा त्यांनीच थांबवली. टाके पडले. तळहाताला, अंगठ्याखाली.

परत आल्यावर जिन्यात त्यांना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मला पयल्याच दिशी ठाव होतं. रंग काडताना वस्तरा कोन शेजारी देतो, आत्माभाऊ?"

मग म्हणाल्या, "इळी असती तर हात कापला नसता त्याचा."

१९ सप्टेंबर, सोमवार

प्रधान मॅडमना गाठलं. विचारलं, "हमी मागे घेता येते का?"

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "येते. तुम्ही अर्ज द्यायचा, ते परत भरती होतील. तुमच्यावर कोणी बोट ठेवणार नाही. एक विचारू? त्या दिवशी गोळ्या घेतल्या होत्या त्यांनी?"

"हो."

"झोप?"

"नीट."

"तुम्हाला ओळखलं?"

"ओळखलं. दादूस म्हणाला."

"मग त्या दिवशी आजार कुठे होता, काका?"

लेकीच्या वयाची मुलगी. रिक्षात बसल्यावर राग आला. हिचा हात कुणी कापलेला नाही, म्हटलं. घर येईपर्यंत राग टिकला नाही.

२५ सप्टेंबर

मंदाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "परत पाटवा. लय केलंत तुमी. कुनी नाव ठेवनार नाय." मग तिने बाळाचा आवाज ऐकवला.

घर किती शांत आहे ते फोन ठेवल्यावर कळतं.

दिगू केंद्रात जात नाही सध्या, हाताला टाके आहेत. हल्ली बसतो तो दार दिसेल असा बसतो. आज विचारलं, "दादूस, ती भायेरची कडी कशाला असते?"

"गावाला गेलो तर लावायला."

"गावाला कोन जातो?" म्हणाला.

खरंच आहे. आम्हाला दोघांनाही कोणी बोलावत नाही.

६ ऑक्टोबर, दसरा

ड्युटीवरून येताना झेंडू घेतला. आलो तर दिगूने पाट मांडून ठेवलेला. रांगोळी, वर धुतलेला पंचा. करंजाला दसऱ्याला कोयते, जाळी विणायच्या सुया, बोटीची अवजारं सगळं असं मांडायचो. बाबा प्रत्येकाला हळदकुंकू लावायचे. म्हणायचे, वर्षभर यांनी आपल्याला पोसलं आणि आपली बोटं शाबूत ठेवली, म्हणून हात जोडा.

पाटावर एक मोठा चमचा. माझा पंपहाऊसचा पाना. चाळणी. बॅटरी. आणि शेवटी त्याची गोळ्यांची पट्टी, तिलाही कुंकवाचं बोट लावलेलं.

तो म्हणाला, "घरात धार नाय. म्हनून हाय ते ठेवलं."

रागाने बोलला असता तर समजून घेतलं असतं. साधं बोलला. मीठ संपलंय म्हणावं तसं. फुलं वाहिली, दोघांनी आरती केली. त्याने पट्टी बांधलेल्या हाताने टाळी वाजवली, आवाज न करता.

नंतर पाटाशीच बसून राहिलो. तो म्हणाला, "मंदावैनीची इळी पायजे होती आज. ती चांगली होती. खवणीचं फूल होतं तिला." मग म्हणाला, "तिकडं मी पोत्यानं कांदा चिरायचो, दादूस. शेवटची तीन वरसं किचनमधी होतो."

"कधी सांगितलं नाहीस."

"तू कवा विचारलंस?"

भेटीला जायचो तेव्हा विचारायचो, जेवतोस ना, झोपतोस ना. काय करतोस हे बारा वर्षांत विचारलं नाही. तरी मनात आलंच: तिकडे चार माणसं उभी असतात राखणीला. इथे मी एकटा.

तेवढ्यात तोच बोलला. "तुला भ्या वाटतं ना माझं?"

"वाटतं," म्हटलं. पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं.

"मला पन वाटतं," तो म्हणाला. कुणाचं, ते मी विचारलं नाही.

आपट्याचं पान त्याने माझ्या डाव्या हातात दिलं. त्या दोन बोटांत. पान पडलं, ते त्याने उचलून परत दिलं.

९ ऑक्टोबर

अर्ज लिहायला बसलो. "मा. अधीक्षक यांस" एवढं लिहिलं. मग उठून तुळशीला पाणी घातलं. नंतर बसलोच नाही.

११ ऑक्टोबर, कोजागिरी

देवीच्या तसबिरीसमोर रोज बसतो. आज पहिल्यांदा नीट पाहिलं. आठ हात, आणि एक आशीर्वादाचा सोडला तर सगळ्यांत धार. तलवार, चक्र, त्रिशूळ. लहानपणापासून तिच्यापुढे बसतो, कधी भ्यालो नाही. कारण तिच्या तोंडाकडे बघतो. हातांकडे लक्ष जात नाही.

दिगू आला तेव्हापासून मी त्याच्या हातांकडेच बघत आलो.

तोंडाकडे बघावं तर त्याचं एक कळतं. तो थकलेला आहे. आणि हसताना आईसारखा दिसतो.

पण हे सगळं पंपहाऊसवर बसून सुचतं. घरी आलो आणि त्याने पाठीमागून ताट ठेवलं, तर दचकलोच. त्याने ते पाहिलं. रात्रीचं ताट ठेवताना तो आधी खाकरला.

१४ ऑक्टोबर

दिगूच्या हाताचे टाके केव्हाच निघाले. परत केंद्रात जायला लागला. डॉक्टरांनी मला वेगळं बसवून सांगितलं, आजार परत येणार नाही, असं कुणी लिहून देऊ शकत नाही. गोळ्या, झोप आणि बोलणं, तीन गोष्टींवर लक्ष ठेवा. झोप गेली तर त्याच दिवशी घेऊन या. मी म्हटलं, "आणि घरातल्या वस्तू?" ते म्हणाले, "झोपेवर लक्ष ठेवा. वस्तू कुठवर लपवाल?"

कुणी लिहून देऊ शकत नाही, हे मात्र बरोबर लक्षात राहिलं.

१८ ऑक्टोबर, मंगळवार

दुसरी पाळी. सकाळी विळी आणायला म्हणून खालांकडे गेलो. त्यांनी दार उघडलं, बसा म्हणाल्या, खीर दिली. मुलाचा कुवेतहून फोन आला होता, त्याचं सांगत राहिल्या. मी खीर खाल्ली, वाटी धुऊन ठेवली आणि निघालो.

"काय पायजे होतं, आत्माभाऊ?"

"काही नाही. सहज."

"रंग?"

"दुसरा हात द्यायचाय अजून."

त्या काही हसल्या नाहीत. "दिवाळीच्या आदी द्या मग," एवढंच म्हणाल्या.

१९ ऑक्टोबर

दिगूला नीट झोप लागते. मला नाही. डॉक्टरांच्या हिशेबाने लक्ष कुणावर ठेवायला हवं?

मंदाचा फोन: दिवाळीला यायचं म्हणते, पण आधी सांगा काय ठरवलंत. सांगितलं, उद्या सांगतो.

२० ऑक्टोबर, गुरुवार

पंपहाऊसवर बसून लिहितो आहे. संध्याकाळ व्हायला आली. मोटार चालू आहे. दहाला सुटेन.

आज दिगूच्या केंद्राला सुट्टी होती. सकाळी पूजा झाल्यावर पाना घेतला आणि दाराच्या बाहेरची कडी काढली. गंजलेली होती, वेळ लागला. दिगू बॅटरी धरून उभा होता. का काढतोस म्हणाला नाही. भोकं राहिली दारात, ती त्याने मेणाने बुजवली.

मग खालांकडे गेलो. या वेळी आत गेलो नाही, दारातूनच म्हटलं, "खाला, रंगकाम झालं." त्यांनी गाठोडं आणून उंबऱ्यावर ठेवलं. लुंगी धुऊन, सगळं परत त्यातच बांधलेलं. "धार लावून घेतलीय इळीला," म्हणाल्या. "बोथट इळी वाईट. जोर करावा लागतो, मग हात सुटतो."

घरी आलो. बाजारातून दुधी आणला होता, तो ओट्यावर ठेवला. दिगू दुधीकडे बघत होता, मग गाठोड्याकडे. मी म्हटलं, "भाजी करून ठेव. मी दहानंतर येतो."

त्याने दुधी हातात घेऊन फिरवून बघितला. मग म्हणाला, "आडवा चिरू का लांब?"

"तुझ्या मनाने."

शर्ट घातला, डबा घेतला. दार ओढून घेतलं. खरं लिहायचं तर जिन्यात पाय अडले. तिथेच, त्या दिवशी उभा होतो त्याच पायरीवर. आतून पाट सरकवल्याचा आवाज आला, मग चर्र चर्र, सावकाश, एकसारखा. मागे वळून बघितलं नाही. खालच्या दारापर्यंत तो आवाज ऐकत आलो.

इथे आल्यावर मंदाला फोन केला. म्हटलं, विळी घरात आणली. बाळ रडत होतं मागे. मग फोन तिने ठेवला की कट झाला, कळलं नाही. परत लावला नाही.

भीती गेली का? नाही. अक्षर बघितलं तर कळेल. देवाला सांगून आलो आहे, पुढचं त्याच्याकडे आणि दिगूकडे.

एक लिहायचं राहिलं. विळी मी त्याच्या हातात दिली नाही. विळी हातोहात दिली तर माणसांत वैर येतं, आई म्हणायची. मी ती गाठोड्यातून काढून त्याच्यासमोर फरशीवर ठेवली आणि हात मागे घेतला.

त्याने उचलली.